मूल घरातच राहावं; पण बघायला कोण जाणार?

मंचरहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की घोडेगाव मागे पडल्यावर शिनोली लागते. पुढे डिंभे धरण, आणि धरणापलीकडे डोंगरात माळीण, आहुपे वगैरे महादेव कोळी आणि ठाकरांची गावं. या पट्ट्यात एखाद्या घरातला कर्ता माणूस गेला, की पोरांचं काय करायचं हे बहुतेकदा दिवसकार्याला जमलेल्या नातेवाइकांतच ठरून जातं. थोरली आजोळी जाते, मधल्याला आश्रमशाळेत घालतात, धाकटं आईपाशी राहतं. आई दुसऱ्या घरी नांदायला गेली, तर तेही आजीच्या पदरात पडतं. या सगळ्यात ‘बालसंरक्षण’ हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. कायद्याने ज्या बाल कल्याण समितीने अशा मुलांची काळजी वाहायची, ती पुण्यात बसते. शिनोलीहून पुणं सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे एसटीच्या दोन गाड्या आणि बुडालेला एक रोज.

जगात सध्या जी चर्चा चालू आहे, ती नेमकी याच्या उलट टोकाची आहे. अमेरिकेत, युरोपात सरकारी बालसंरक्षण खात्याचा माणूस दारात येतो तो मूल उचलून नेण्यासाठी, अशी गरीब, कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित कुटुंबांची धारणा झाली आहे. डोरोथी रॉबर्ट्स या अमेरिकी कायदेतज्ज्ञ बाईंनी २०२२ मध्ये पुस्तक लिहून ही यंत्रणा मोडीतच काढा अशी मागणी केली. गरिबीला हेळसांड समजायचं आणि शिक्षा म्हणून मूल काढून घ्यायचं, असा त्यांचा आरोप आहे. भारतीयांना हा प्रश्न परिचित झाला तो परदेशातल्या दोन प्रकरणांमुळे. २०११ मध्ये नॉर्वेत एका बंगाली जोडप्याची दोन मुलं तिथल्या बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली. सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिनमध्ये सात महिन्यांच्या भारतीय मुलीला झालेल्या दुखापतीवरून आई-वडिलांपासून वेगळं केलं गेलं. त्या मुलीसाठी जून २०२३ मध्ये १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिलं. एरवी कोणत्या प्रश्नावर एवढे पक्ष एका कागदावर सह्या करतात?

या दोन्ही प्रकरणांत इकडच्या माध्यमांनी सूर एकच लावला: परदेशी सरकारला आपली कुटुंबव्यवस्था कळत नाही. त्यात तथ्य होतं. हाताने भरवणं, मूल पालकांसोबत झोपणं अशा गोष्टी नॉर्वेत आक्षेपार्ह ठरल्या, असं पालकांचं म्हणणं होतं. पण नॉर्वेच्या प्रकरणाचा पुढचा भाग फार थोड्यांच्या लक्षात राहिला. एप्रिल २०१२ मध्ये मुलं भारतात आली ती आईकडे नव्हे, काकांच्या ताब्यात. मग त्याच मुलांसाठी आईला आपल्याच देशात झगडावं लागलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने मुलं तिच्याकडे सोपवली. मुलं ‘घरी’ आली होती, तरी कुठल्या घरी हा प्रश्न उरलाच होता.

सरकारने मूल उचलू नये, तर मग काय करावं? याचं सर्वांत जुनं आणि ठोस उत्तर न्यूझीलंडकडे आहे. तिथल्या माओरी समाजाची मुलं मोठ्या संख्येने सरकारी ताब्यात जात होती. १९८६ च्या एका सरकारी अहवालाने या कारभारावर कडक ताशेरे ओढले आणि १९८९ च्या कायद्याने ‘कुटुंब बैठक’ आणली. मुलाबद्दल तक्रार आली की आजी-आजोबा, मावश्या, काका अशा सगळ्या गोताला बोलवायचं. समाजसेवकांनी आपली माहिती सांगून बाहेर पडायचं. आणि मुलाची सोय कशी लावायची हे कुटुंबाने आपसांत ठरवायचं. मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल, कारण वरवर पाहता ही भावकीची बैठकच. फरक दोन ठिकाणी आहे. बैठक बोलावणारा माणूस भावकीबाहेरचा असतो, आणि ठरलेली सोय मुलासाठी सुरक्षित नाही असं खात्याला वाटलं तर ती मान्य होत नाही, प्रकरण न्यायालयात जातं. ही दोन कलमं काढली, तर उरते ती आपल्याकडची बैठक, जिथे थोरले बोलतात आणि पोर दाराआड उभं असतं.

अमेरिकेत मिसूरी, फ्लोरिडा अशा राज्यांनी १९९० च्या दशकात वेगळी वाट धरली. तक्रार गंभीर असेल तर चौकशी, सौम्य असेल तर चौकशी नाही, फक्त मदत. भाड्याला पैसे, पाळणाघर, व्यसनमुक्तीचा पत्ता. पालकांना आधी फोन करून भेटायला जायचं, दोषारोप करायचे नाहीत. पालक खूश, समाजसेवकही खूश. पुढे बरीच राज्यं या वाटेने गेली. हार्वर्डच्या एलिझाबेथ बार्थोलेट यांनी मात्र या पद्धतीला धोकादायक प्रयोग म्हटलं. आधी कळवून गेलेल्या माणसाला घर आवरलेलं दिसतं, आणि आई-बापांसमोर विचारलेल्या प्रश्नाला मूल आई-बापांना हवं तेच उत्तर देतं. शिवाय मदत ऐच्छिक असल्याने ज्यांना तिची सर्वांत गरज, तेच आधी नकार देतात. इलिनॉय राज्याने ही पद्धत २०१२ मध्ये बंदच केली. हा आक्षेप बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण आपल्याकडच्या प्रत्येक पर्यायाला तो लागू पडतो: मुलाशी एकट्याने बोललं कोण?

महाराष्ट्रात सरकार घरात घुसून मुलं उचलतं अशी तक्रार क्वचितच ऐकू येते. इथे आई-बापच मुलाला बोर्डिंगात नेऊन घालतात, कारण तिथे दोन वेळचं जेवण आहे. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत ‘पर्याय’ म्हणजे सरकारी हस्तक्षेपाला पर्याय. इथे पर्याय हवा आहे तो संस्थेला.

संस्थांची आपली परंपरा मोठी आणि अभिमानाची आहे हे खरं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८७५ मध्ये प्रार्थना समाजाने पंढरपुरात बालकाश्रम सुरू केला. ज्या काळात विधवेचं मूल नदीत सोडलं जाई, त्या काळात चार भिंती आणि एक दाई हाच जगण्या-मरण्यातला फरक होता. पण त्या पुण्याईवर पुढे दीडशे वर्षं संस्था म्हणजे चांगलंच, ही समजूत पोसली गेली. वाढदिवसाला बालगृहात जेवण देऊन फोटो काढणारा मध्यमवर्ग त्या मुलांपैकी कितींचे आई-बाप जिवंत आहेत, हे विचारत नाही.

समजुतीला तडे एकामागून एक गेले. मुंबईतल्या ‘अँकरेज’ निवाऱ्यांत परदेशी चालकांनी मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं प्रकरण २००१ मध्ये बाहेर आलं. सत्र न्यायालयाची २००६ ची शिक्षा उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती पुन्हा कायम केली. दहा वर्षं. पनवेलमध्ये मतिमंद मुलींच्या संस्थेतल्या अत्याचारांबद्दल २०१३ मध्ये संस्थाचालकासह इतरांना दोषी ठरवण्यात आलं. २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात पाळा इथल्या आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराने विधिमंडळ हादरलं. त्याच वर्षी आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंवर डॉ. सुभाष साळुंखे समितीचा अहवाल आला. आणि २०१८ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या बिहारमधल्या निवारागृहांच्या पाहणीतून मुझफ्फरपूरच्या मुलींच्या गृहातले अत्याचार उघडे पडले. त्या गृहाला सरकारी अधिकाऱ्यांच्या भेटी होत नव्हत्या असं नाही. अधिकारी येत, कार्यालयात बसत आणि कागद पाहून जात. टाटाच्या पथकाने मुलींशी निवांत बोलायला वेळ काढला, एवढंच वेगळं केलं.

घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली कित्येक मुलं त्याच्या आश्रमशाळांत शिकतात. राज्यात सरकारी आश्रमशाळा पाचशेच्या आसपास, अनुदानित साडेपाचशेच्या आसपास. कागदोपत्री या शाळा आहेत, बालगृहं नव्हेत. बाल न्याय कायद्याची नोंदणी आणि तपासणी त्यांना बालगृहासारखी लागत नाही. प्रत्यक्षात डोंगरपट्ट्यातली बाप गेलेली, आई रोजंदारीवर गेलेली मुलं इथेच वाढतात. बालसंरक्षणाचा सर्वांत मोठा भार ज्या व्यवस्थेवर आहे, ती बालसंरक्षण खात्याची नाहीच, ती आदिवासी विकास खात्याची आहे. पर्यायांच्या चर्चेत आश्रमशाळेचं नाव क्वचितच येतं, हे खटकण्यासारखं आहे.

संस्थेपेक्षा कुटुंब बरं, याला आता भरभक्कम पुरावा आहे. रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीनंतर अनाथालयांत खचाखच मुलं उरली होती. बुखारेस्टमध्ये अशा १३६ बालकांपैकी निम्मी चिठ्ठी टाकावी तशी निवडून पालनकर्त्या कुटुंबांत दिली गेली, उरलेली नेहमीप्रमाणे संस्थेच्या व्यवस्थेत राहिली, आणि संशोधक पुढे कित्येक वर्षं दोन्ही गटांवर लक्ष ठेवून होते. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, जिव्हाळा सगळंच सरस निघालं. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं अधिकच. हा प्रयोग हल्ली प्रत्येक भाषणात येतो. त्यातली एक गोष्ट भाषणात येत नाही: ती कुटुंबं निवडून घेतलेली, पगारी होती आणि त्यांच्याकडे समाजसेवक सारखे जात-येत असत.

आपला २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्था हा शेवटचा उपाय मानतो. हरवलेलं, सोडून दिलेलं, छळ झालेलं मूल २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे यायला हवं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांनी चौकशी करून मूल घरी पाठवायचं, नातेवाइकांकडे द्यायचं, पालनकर्त्या कुटुंबात ठेवायचं, आणि यातलं काहीच जमलं नाही तर संस्थेत. पालनकर्त्या कुटुंबांचे नियम २०२४ मध्ये सैल झाले, एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येऊ लागलं. महाराष्ट्रात तरी अशी कुटुंबं मोजकीच आहेत. परक्याचं मूल काही वर्षांपुरतं सांभाळायचं आणि परत द्यायचं, ही कल्पना इथे रुजलेली नाही. ज्याला मूल हवं त्याला दत्तक हवं असतं.

रुजलेली आहे ती बालसंगोपन योजना. सत्तरच्या दशकापासून चालत आलेली, आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या, पालक तुरुंगात किंवा दुर्धर आजारात असलेल्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये. त्याआधी १,१००, त्याहीआधी ४२५. करोनात विधवा झालेल्या हजारो बायकांना या योजनेचं नाव पहिल्यांदा कळलं. अर्जाची फाइल पाहण्यासारखी असते: मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, आधार, शाळेचा बोनाफाइड, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर पालक व मुलं एकत्र उभी असलेला फोटो. मग समितीचा आदेश. पैसे अनियमित येतात ही तक्रार सार्वत्रिक आहे. तरीही या योजनेने जेवढी मुलं बोर्डिंगातून वाचवली असतील, तेवढी दुसऱ्या कशाने वाचवली नसतील. आजीला दोन हजार रुपये मिळाले, तर नातीला दूर पाठवावं लागत नाही. गरिबीमुळे तुटणाऱ्या घरांना पैसा हाच उपाय आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न इथूनच सुरू होतो. घरासमोरचा तो फोटो एकदाच काढला जातो. नंतर घरात काय चाललंय, हे पाहायचं काम योजना राबवणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचं आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं. संस्थेला त्यासाठी मुलामागे महिन्याला २५० रुपये. डिंभ्याच्या जलाशयाला वळसा घालून पलीकडच्या वाडीवर जायचं, शेवटच्या टप्प्यात चालायचं, आजी रानात गेलेली असली तर थांबायचं, मुलाला बाजूला घेऊन बोलायचं आणि परतायचं, एवढ्याला अडीचशे. आजीकडचं मूल सुरक्षित असेलच. बहुतेक असतंच. पण जे नसेल ते कसं कळणार?

नातं हे कवच असतं, हमी नसते. लंडनमध्ये फेब्रुवारी २००० मध्ये मेलेल्या आठ वर्षांच्या व्हिक्टोरिया क्लिम्बिए या मुलीला आई-बापांनी आयव्हरी कोस्टहून चांगल्या शिक्षणासाठी आत्याआजीकडे पाठवलं होतं. त्या बाईने आणि तिच्या जोडीदाराने तिला छळून मारलं. पोलीस, दवाखाने, समाजसेवक सगळ्यांच्या नजरेखालून ती गेली होती; लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीने तिला वाचवण्याच्या किमान बारा हुकलेल्या संधी मोजल्या.

आपल्याकडचं उदाहरण शोधायला लंडन नको. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबत असल्याचं उघड झालं, तेही एका दहा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाल्यावर. आई-बापांना थोडी रक्कम आणि एखादी मेंढी देऊन मुलं नेलेली होती. गावाच्या भाषेत हा व्यवहार नव्हता. पोरगं ‘मेंढरांमागं ठेवलं’ होतं, खाऊन-पिऊन राहील म्हणून. मूल दुसऱ्याच्या घरी ठेवण्याची पद्धत गरिबांत जुनी आहे. तीच कुठे आधार होते आणि कुठे वेठबिगारी, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही.

ऊसतोडीचंही असंच. भीमाशंकर आणि विघ्नहर या कारखान्यांच्या पट्ट्यात दर हंगामाला बीड-नगरकडून टोळ्या येतात. मुलं सोबत आणली, तर फडाच्या कडेच्या कोपीत राहतात, शाळा बुडते. म्हणून सरकारने तिकडच्या गावांत हंगामी वसतिगृहं सुरू केली: बहुतेक ठिकाणी जेवण शाळेत, झोपायला आजी-आजोबांकडे. मूल गावात राहतं, पैसाही कमी लागतो. कागदावर याहून चांगला पर्याय सापडणं कठीण. पण वयात आलेली मुलगी म्हाताऱ्यांच्या भरवशावर सोडून जायची धास्ती आई-बापांना असते, आणि कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागत असल्याने लग्न लावून दिलं की आगाऊ मिळणारी उचलही वाढते. बालविवाहाचा एक रस्ता या सोयीच्या शेजारून जातो.

अशा वेळी गावाने लक्ष ठेवावं, हे सर्वांना पटतं. महाराष्ट्रात २०१४ च्या शासन निर्णयाने गावोगाव ग्राम बाल संरक्षण समिती आली: सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, जोडीला पोलीस पाटील, शिक्षक, आशा. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक आहेतच. अंगणवाडी ताईंना गावातलं प्रत्येक मूल नावानिशी ठाऊक असतं. कुणाच्या अंगावर वळ आहेत, कुणाचं लग्न ठरतंय, हे पुण्याच्या कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा त्यांना आधी कळतं. कागदावरून खाली उतरलेल्या समित्यांनी लग्नं थांबवल्याच्या बातम्या येतात, आणि त्या खऱ्या असतात.

कच्चा दुवाही तिथेच आहे. बालविवाह थांबवणं त्यातल्या त्यात सोपं. तारीख असते, मांडव असतो, पोलीस बोलावता येतात. घरातल्या माणसाने केलेलं लैंगिक शोषण गावाच्या समितीपुढे येतं, तेव्हा समोर आरोपी नसतो, सरपंचाचा चुलतभाऊ असतो. पॉक्सो कायद्याने २०१२ पासून अशी माहिती पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा केला आहे. गावची रीत मात्र मिटवून घ्यायची. मुलीचं नाव खराब होईल, घराणं मोडेल, पुढे लग्न कोण करणार, आणि ती मुलगी मामाकडे पाठवली जाते. जातपंचायतींच्या निवाड्यांना आवर घालायला राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. त्याच राज्यात मुलाच्या सुरक्षिततेचा निवाडा गावावर सोपवताना सावध असलेलं बरं. समितीने पाहावं, कळवावं, सोबत करावी. निवाडा तिचा नव्हे. आणि ज्या ताईंनी कळवायचं त्यांना त्याच गावात राहायचं आहे, हेही विसरता येत नाही.

म्हणून मुलाला गावाबाहेर थेट बोलता येईल अशी एक वाट लागते. १०९८ ही ती वाट. १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी सुरू केलेला फोन देशभर पसरला, कारण उचलणारा माणूस संस्थेचा होता, खाकीतला नव्हता. २०२३ मध्ये सरकारने तो आपल्याकडे घेऊन ११२ शी जोडला. फोन लवकर पोलिसांपर्यंत पोचावा हा हेतू. पण बरेच फोन सुरुवातीला नुसते शांत असतात, मूल बोलायचं की नाही हे ठरवत असतं, असं या कामातले लोक वर्षानुवर्षं सांगत आले. त्या शांततेत दम धरणारा माणूस पलीकडे राहिला की नाही, यावर या बदलाचा हिशेब ठरेल.

आणि कधी कधी नातं, गाव, समिती सगळंच एका सकाळी नाहीसं होतं. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला. गाव दिसत नाही हे आधी लक्षात आलं ते नेहमीच्या एसटी चालकाच्या. दीडशेहून अधिक माणसं गेली. अशा वेळी ‘नातेवाइकांकडे ठेवा’ हा उपाय लंगडा पडतो, कारण आजोळ आणि घर एकाच ढिगाऱ्याखाली असू शकतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने १,२०० मुलं लातूर-उस्मानाबादहून पुण्याजवळ वाघोलीला आणली, शिकवली, मोठी केली. आजच्या तत्त्वांनुसार मुलांना त्यांच्या मातीतून एवढं दूर नेणं चूक ठरेल. त्या वर्षी, त्या परिस्थितीत, ते बहुधा योग्य होतं. माळीणचं पुनर्वसन जवळच आमडेला झालं आणि एप्रिल २०१७ मध्ये लोक नव्या घरांत गेले. मुलांसाठी हा मार्ग अधिक चांगला, पण त्याला तीन पावसाळे जावे लागले.

२०२१ च्या दुरुस्तीने, जी सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, बाल कल्याण समितीच्या कामाचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ लागला, आणि समितीविरुद्धची तक्रार ऐकण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच आहे. आजीकडे ठेवलेल्या मुलीकडे वर्षभर कुणी फिरकलं नाही, तर दाद मागायला जागा आहे. अर्ज लिहिणार बहुधा अंगणवाडी ताई, आणि तो पुढे जाणार महिला व बालविकास खात्याच्याच टेबलांवरून. गृहभेटीच्या अडीचशे रुपयांत एसटीचं तिकीट धरायचं की वेगळं, हे त्या टेबलांवर आधी ठरवावं लागेल.